आषाढीची महापूजा आणि अडीच तासांचा घोळ

गेल्या आषाढी एकादशीला पहाटे पंढरपुरात विठ्ठलाची शासकीय महापूजा चालू होती, तेव्हा राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरचा सेट टॉप बॉक्स शांतपणे झोपलेला होता, कारण त्याच्या हिशेबाने पूजा रेकॉर्ड करून झालेली होती. आई दरवर्षी ही पूजा सह्याद्री वाहिनीवर थेट पाहण्यासाठी रात्री दोनपासून जागी असते. यंदा तिची तब्येत तितकीशी बरी नव्हती, म्हणून ‘तू नीज, बॉक्स आपोआप रेकॉर्ड करील, आपण सकाळी चहा घेत पाहू’ असे मीच तिला मोठ्या विश्वासाने सांगितले होते. सकाळी पेनड्राइव्हवरची फाइल उघडली, तर तिच्यात आदल्या रात्रीचे कार्यक्रम होते आणि तेही मधूनमधून चौकोन चौकोन होऊन फुटत होते. आईने दहा मिनिटे निमूटपणे पाहिले आणि विचारले, “अरे, ह्यात पांडुरंग कुठे आहे?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला आषाढीपासून कार्तिकीपर्यंतचा वेळ लागला. दोष एक नव्हता, चार होते, आणि प्रत्येक दोष दुसऱ्याच्या आड लपलेला होता. आमच्यासारखी मांडणी अनेकांच्या गावच्या घरी असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि तिला महिन्याची वर्गणी नाही. सध्या तिचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ रॉकेटने सोडण्यात आला. पैसे भरून घेण्याच्या सेवांचेही रेकॉर्डिंग करणारे बॉक्स मिळतात, परंतु त्यांतले रेकॉर्डिंग बहुधा कुलूपबंद असते आणि त्याच बॉक्सवर चालते. मला ते नको होते. म्हणून मे महिन्यात मी बाजारातून मोफत वाहिन्यांचा एक साधा बॉक्स आणला, ज्याला मागे यूएसबीची खाच होती आणि पेनड्राइव्ह लावला की चालू कार्यक्रम त्यावर साठवता येत होता.

हे साठवणे कसे होते ते कळल्याशिवाय पुढचे दोष समजत नाहीत. बॉक्स चित्र नव्याने तयार करून लिहीत नाही. उपग्रहाकडून १८८ बाइटांच्या छोट्या पुडक्यांचा जो प्रवाह येतो, त्यातली आपल्या वाहिनीची पुडकी निवडून तो जशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकतो. त्यामुळे रेकॉर्डिंगचा दर्जा थेट प्रक्षेपणाइतकाच राहतो हे खरे, पण एखादे पुडके वाटेत खराब झाले तर ते कायमचे खराब राहते. थेट पाहताना क्षणभर चित्र फुटले तर आपण ते विसरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी फुटते. म्हणूनच ‘टीव्हीवर चित्र दिसते, म्हणजे डिश ठीक आहे’ हा हिशेब रेकॉर्डिंगला पुरत नाही, आणि नेमका तोच हिशेब मी मे महिन्यात केला होता.

डिश मीच लावली होती. न्हाणीघराच्या स्लॅबवर जागा मोकळी होती, आणि शेजारच्या काकांच्या घरावर एका खासगी कंपनीची डिश आधीपासून होती. तिच्याकडे पाहत पाहत मी आमच्या डिशचे तोंड तिच्या तोंडाला समांतर केले, बॉक्सवर वाहिन्या शोधायला लावल्या, त्या मिळाल्या, आणि मी नट आवळून खाली उतरलो. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची (ताकदीची) आणि एक क्वालिटीची (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याची). स्ट्रेंग्थ ८० च्या पुढे होती आणि क्वालिटी ४० च्या आसपास होती. पहिली पट्टी इतकी भरलेली पाहून मी समाधानी झालो. वास्तविक स्ट्रेंग्थची पट्टी फारसे काही सांगत नाही. एलएनबीला, म्हणजे डिशसमोर दांडीवर बसवलेल्या लहरी पकडणाऱ्या डबीला, वीज मिळत असेल तर तिच्या स्वतःच्या खरखरीनेही ती पट्टी भरते, आणि डिशचे तोंड समोरच्या फणसाकडे केले तरी ती फारशी खाली येत नाही. पाहायची ती क्वालिटी.

ती ४० वर का अडकली होती, हे मला गणपतीला गावी गेलो तेव्हा कळले. काकांची डिश ९५ अंशांवरच्या उपग्रहाकडे पाहते आणि आम्हाला हवा होता तो ९३.५ अंशांवरचा. फरक फक्त दीड अंशाचा आहे. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर या लहरींसाठी सुमारे तीन अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड दीड अंश, आणि त्या काठावर पोचलेल्या उपग्रहाची ताकद निम्मी झालेली असते. त्यामुळे शेजारच्या उपग्रहाकडे रोखलेल्या डिशलाही आपला उपग्रह डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहतो. मे महिन्याच्या स्वच्छ आकाशात ती निम्मी ताकद पुरली. आषाढातल्या रात्री, कोकणातला पाऊस कौलांवर कोसळत असताना, ती पुरणे शक्यच नव्हते, कारण या लहरींची शक्ती दाट पावसाच्या थेंबांत मोठ्या प्रमाणावर शोषली जाते. डिश नीट रोखलेली असती तरी अगदी मुसळधार सरीत चित्र काही मिनिटे गेलेच असते. परंतु हाताशी शिल्लक ताकद असती, तर साध्या पावसात गेले नसते.

आमच्या भागातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो. होकायंत्रावर उत्तरेपासून सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर, असा त्याचा पत्ता आहे. डिश पाहताना मात्र ती इतक्या वर पाहते आहे असे वाटत नाही, कारण या ऑफसेट प्रकारच्या डिशचे तोंड तिच्या खऱ्या नजरेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली झुकलेले असते. हे ठाऊक नसलेला माणूस ती उगाच वर वर करत बसतो. मी या वेळी भाच्याला टीव्हीसमोर बसवले, फोनवर त्याच्याशी बोलत राहिलो, आणि त्याला फक्त क्वालिटीचा आकडा मोठ्याने वाचायला सांगितले. डिश एका वेळी जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवायची, हात काढून घ्यायचा, आणि तीन-चार सेकंद थांबायचे. बॉक्स आकडा उशिरा दाखवतो, त्यामुळे घाई केली की आपण उपग्रह ओलांडून पलीकडे जातो. आधी आडव्या दिशेने, मग उभ्या दिशेने, आणि शेवटी एलएनबी तिच्या पकडीत घड्याळाच्या काट्यासारखी किंचित फिरवून, असे करत क्वालिटी ४१ वरून ७३ पर्यंत आली. भाचा कंटाळून ‘मामा, आता पुरे’ म्हणाला, तेव्हा कुठे मी नट आवळले. नट आवळतानाही आकडा दोनाने उतरतो, त्याला इलाज नाही.

त्याच दिवशी दुसरा दोष हाती लागला. सरी आल्या की क्वालिटी उतरते हे ठीक, पण सर थांबून तासभर झाला तरी ती उतरलेलीच राहत होती. पाऊस असे करत नाही. असे करते ते जोडातले पाणी. एलएनबीकडून येणारी केबल वर जोडाला स्क्रूने बसवलेली असते, आणि तो स्क्रूचा एफ कनेक्टर मी मे महिन्यात उघडाच ठेवला होता. काढून पाहिले तर आतली तांब्याची तार हिरवी पडली होती आणि तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीतून थेंब ठिबकत होता. एलएनबीला लागणारी वीज याच केबलमधून बॉक्स वर पाठवतो. फ्री डिशच्या वाहिन्या व्हर्टिकल ध्रुवणावर, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींवर, आहेत आणि त्या पकडण्यासाठी बॉक्स सुमारे १३ व्होल्ट देतो. आडव्या ध्रुवणासाठी १८ देतो. मीटर लावून पाहिले तेव्हा बॉक्सपाशी १३.४ व्होल्ट होते आणि एलएनबी जोडलेली असताना छपरावरच्या टोकाला १०.८ उरले होते. अडीचहून थोडे अधिक व्होल्ट त्या हिरव्या पडलेल्या तारेने खाल्ले होते. केबलचे वरचे वीतभर टोक कापून टाकले, नवा कनेक्टर बसवला, त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, आणि केबल जोडापासून आधी खाली झोळ देऊन मग भिंतीवर नेली, म्हणजे पाणी केबलवरून वाहत जोडाकडे न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते. हे काम करताना बॉक्सचा प्लग काढून ठेवावा. मधली तार जाळीला टेकली तर बॉक्सचा वीजपुरवठाच निकामी होऊ शकतो.

हे सगळे झाले तरी आईचा मूळ प्रश्न शिल्लकच होता. चित्र फुटण्याचे कारण कळले, पण महापूजेच्या जागी आदल्या रात्रीचे कार्यक्रम कसे आले?

मी टायमर पहाटे २ ते ४ असा लावला होता, आणि तो बरोबर लावला होता याची मला खात्री होती, कारण वहीत लिहून ठेवले होते. फाइलच्या नावात मात्र तारीख आणि वेळ होती, आणि ती वेळ नेमकी दोनचीच होती. म्हणजे बॉक्स खोटे बोलत नव्हता. त्याच्या घड्याळात तेव्हा खरोखरच दोन वाजले होते. रिमोटवरचे माहितीचे बटण दाबले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उमटले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते आणि पडद्यावर पावणेदोन. फरक बरोबर अडीच तासांचा. हा तिसरा दोष.

उपग्रहावरून येणाऱ्या प्रवाहात वेळही येत असते, परंतु ती जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात आपल्या देशाचे किती तास मिळवायचे हे बॉक्सच्या मेनूत ठरवावे लागते. भारतासाठी ते साडेपाच तास आहेत. आमच्या बॉक्समध्ये ते कारखान्यातून आलेले आठ तास होते, जी चीनची वेळ आहे. त्यामुळे आषाढीच्या रात्री आमच्याकडे साडेअकरा वाजले, तेव्हा बॉक्सने दोन वाजल्याचे मानून रेकॉर्डिंग सुरू केले, आणि आमच्या दीड वाजता, म्हणजे पूजा सुरू होण्याच्या आधीच, ते इमानेइतबारे संपवले. बॉक्सच्या दर्शनी भागावर फक्त वाहिनीचा क्रमांक दिसतो, घड्याळ दिसत नाही, म्हणून दोन महिने हे कोणाच्या लक्षात आले नाही. मेनूत ‘टाइम’ या सदरात जाऊन आठचे साडेपाच केले, त्याला वीस सेकंद लागली. यातली एक खोच सांगण्यासारखी आहे: काही बॉक्समध्ये हा आकडा अर्ध्या तासाच्या टप्प्याने बदलतो, तर काहींत पूर्ण तासानेच बदलतो. दुसऱ्या प्रकारचा बॉक्स असेल तर वेळ स्वयंचलित न ठेवता हाताने भरावी लागते, आणि वीज गेली की ती पुन्हा भरावी लागते.

वीज जाणे हा आमच्याकडे अपवाद नाही. या बॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज येऊन तो पुन्हा सुरू झाला की त्याचे घड्याळ शून्यापासून निघते आणि उपग्रहावरची वेळ मिळाल्यावरच जागेवर येते. आमचा बॉक्स तर वीज आल्यावर स्टँडबायमध्येच उठतो, आणि त्या स्थितीत तो वेळ शोधतच नाही. टायमर यादीत शाबूत असतो, पण त्याला हलवायला घड्याळ नसते. यावर उपाय म्हणून राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचाच आहे आणि एलएनबीची वीजही बॉक्सच देतो, त्यामुळे टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंगपुरती सगळी साखळी त्या एका डबीवर चालते. घेण्यापूर्वी अडॅप्टरवर छापलेले अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू जुळवून पाहावी एवढेच.

पेनड्राइव्हचे प्रकरण थोडक्यात सांगतो. नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला तर बॉक्सने तो ओळखलाच नाही, कारण तो एक्सफॅट पद्धतीने आखलेला (फॉरमॅट केलेला) होता आणि बॉक्सला फॅट३२ लागते. लॅपटॉपवरच्या विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसेना, म्हणून शेवटी बॉक्सच्याच मेनूतून आखणी करून घेतली. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आमचा बॉक्स स्वतःहून तुकडे पाडतो, पण न पाडणारे बॉक्स तिथेच थांबतात. जुनी हार्ड डिस्क लावून पाहण्याचा मोहही झाला होता. तिची तबकडी फिरू लागताच बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू झाला, कारण यूएसबीच्या त्या खाचेतून मिळणारी वीज तिला पुरत नाही.

चौथा दोष मात्र मी शोधला नाही, सूर्याने दाखवला. गणपतीनंतर सगळे ठीक चालले होते, पण वाऱ्याच्या दिवशी, पाऊस नसताना, क्वालिटी मधेच ७० वरून ५० वर उतरून पुन्हा वर चढते, असे आई फोनवर सांगत होती (तोपर्यंत ती आकडे वाचण्यात तरबेज झाली होती). २ ऑक्टोबरची सुट्टी धरून मी पुन्हा गावी गेलो. वर्षातून दोनदा, आमच्या भागात मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य रोज काही मिनिटे नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा सूर्याच्या स्वतःच्या लहरींमुळे चित्र बिघडते, आणि हा दोष आपल्या डिशचा नसल्याने त्यावर काही करायचेही नसते. पण त्याचा एक उपयोग आहे: त्या क्षणी डिशवर ज्याची सावली पडते, ते उपग्रहाच्या वाटेत उभे असते. अकराला सात-आठ मिनिटे कमी असताना मी स्लॅबवर जाऊन उभा राहिलो. डिशच्या उजव्या काठावर माडाच्या एका झावळीची बोटे हलत होती. मे महिन्यात ती झावळ तिथे नव्हती. चार महिन्यांच्या पावसात ती वाटेत आली होती. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याने ती दुसऱ्या दिवशी तोडली आणि तिची आईने खराट्यासाठी हीर काढली.

कार्तिकीला मी गावी नव्हतो. टायमर आईनेच लावला, पहाटे पावणेदोन ते पाच असा, पुढेमागे भरपूर जागा सोडून, आणि लावल्यावर माहितीचे बटण दाबून पडद्यावरचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. बॉक्स पूर्ण बंद न करता स्टँडबायमध्ये ठेवायचा आणि भिंतीवरचे बटण कोणी दाबायचे नाही, अशी चिठ्ठी तिने त्या बटणावर चिकटवली होती. मध्यरात्रीनंतर पाऊण तास वीज गेली आणि परत आलीही. सकाळी सात वाजता तिचा फोन आला, तेव्हा पाठीमागे टाळ-मृदंगाचा आवाज येत होता.

“जागी होतीस का?” मी विचारले.

“होते की,” ती म्हणाली. “दोन वाजताच जाग आली. म्हटलं, बॉक्सचा काय भरवसा. आता पुन्हा पाहते आहे.”